सिटीलिंकची तूट, मेनरोडची सुधारणा आणि महापालिकेचे कर्ज

दहीपूलवाला यांचा प्रश्न

नमस्कार. मेनरोडपासून हाकेच्या अंतरावर आमचे कापडाचे दुकान आहे आणि वडिलांच्या काळापासून ते आहे तिथेच आहे. नाशिक महापालिकेचे अंदाजपत्रक आता तीन हजार कोटींच्या घरात गेले आहे, गोदावरी स्वच्छतेच्या नावाने रोखे बाजारात आले आहेत, २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची आणि मलनिस्सारणाची कामे निघाली आहेत, आणि या सगळ्या धामधुमीत सिटीलिंकची, म्हणजे महापालिकेच्या शहर बससेवेची, तूट कोणी भरायची हा विषय दर वर्षी नव्याने उपटतो. जुन्या नाशिकच्या बाजारपेठेचे नाव या यादीत कधी असते, कधी नसते.

गेल्या आठवड्यात इंदिरानगरहून एक कुटुंब मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आले होते. माणसे सहा, त्यांपैकी दोघे शालिमारपासून रविवार कारंज्यापर्यंत गाडी लावायला जागा शोधत फिरत राहिले आणि साड्या निवडून, घड्या घालून, बिल करायची वेळ आली तेव्हा दुकानात पोचले. निघताना यजमान हसत म्हणाले, "मालक, धाकटीचा बस्ता मात्र कॉलेजरोडला." मी हसलो, पण त्या वाक्याने मला चार दिवस झोप लागू दिली नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. रोखे म्हणजे शेवटी कर्जच, मग बँकेच्या कर्जापेक्षा त्यात वेगळे ते काय? बससेवेची तूट आणि आमच्या भागातले रस्ते, वाहनतळ, पदपथ ही दोन्ही कामे कर्ज काढून करणे शहाणपणाचे ठरेल का? आणि सुधारणेनंतर इथल्या जागांचे भाव वाढणारच असतील, तर त्या वाढीतूनच खर्च वसूल करण्याची काही कायदेशीर सोय आहे का? महापालिकेच्या डोक्यावर कर्ज जवळजवळ नाहीच, तेव्हा घाबरायचे कारण नाही, असे माझ्या एका मित्राचे म्हणणे आहे. ते मला पटत नाही, परंतु का पटत नाही हेही सांगता येत नाही.

लेखाशीर्ष यांचे उत्तर

एका नगरपरिषदेच्या लेखा विभागात मी उभी हयात काढली. आपल्या मित्राचे म्हणणे निम्मेच खरे आहे; उरलेल्या निम्म्याकडे शेवटी येतो.

रोखे हे कर्जच असते. बँकेऐवजी ते गुंतवणूकदारांकडून घ्यायचे, त्यासाठी पतमानांकन, म्हणजे परतफेडीच्या ऐपतीची त्रयस्थाकडून पारख, करून घ्यायचे, ठरल्या तारखेला न चुकता व्याज द्यायचे आणि मुद्दल फेडण्यासाठी वेगळा निधी बाजूला काढत जायचे, एवढाच फरक. नाशिकला हे नवखेही नाही. १९९९ मध्ये आपल्या महापालिकेने पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणासाठी १०० कोटींचे रोखे काढले होते, तेही राज्य शासनाच्या हमीशिवाय. व्याजदर होता १४.७५ टक्के, म्हणजे वर्षाला पावणेपंधरा कोटी नुसते व्याज, आणि परतफेडीच्या खात्रीसाठी चार जकात नाक्यांचे उत्पन्न एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त परतफेडीसाठी राखलेल्या खात्यात, वळते केले होते. पुढे २००२ मध्ये ५० कोटींचे करमुक्त रोखे काढले, त्यांचा दर साडेसात टक्के होता. बाजारातले व्याजदर उतरले आणि करमुक्तीची सवलतही पदरात पडली, म्हणून तीन वर्षांत दर निम्म्यावर आला. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये २४ तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटी रुपये ७.५९ टक्के दराने उभे केले, आणि त्यानंतर केंद्राने रोखे काढणाऱ्या शहरांसाठी प्रत्येक १०० कोटींमागे १३ कोटी, कमाल २६ कोटी, असे प्रोत्साहन अनुदानही ठेवले.

या इतिहासात माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट व्याजदर नसून ते चार नाके आहेत. जकात ही महापालिकेच्या स्वतःच्या हातातली वसुली होती. २०१३ मध्ये ती जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरती एलबीटीही संपली आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाल्यावर सगळा मामला राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर आला. ही भरपाई २०१६-१७ हे वर्ष पायाभूत धरून दर वर्षी ८ टक्के चक्रवाढीने वाढते, म्हणजे साधारण नऊ वर्षांत ती दुप्पट होते, आणि हे काही वाईट नाही. परंतु ही रक्कम मुंबईहून येते. नाशिकला गरज पडली म्हणून ती एका रुपयानेही वाढवता येत नाही. आज महापालिकेला स्वतःच्या अखत्यारीत तारण म्हणून दाखवता येईल असे उत्पन्न मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि नगररचनेकडून येणारे विकास शुल्क एवढेच उरले आहे, आणि यांतले शेवटचे बांधकाम व्यवसायाच्या तेजीमंदीबरोबर वरखाली होत असते.

आता कर्ज कशासाठी काढावे, याबद्दल. दहा वर्षांच्या मुदतीने ८ टक्के दराने १०० कोटी घेतले आणि समान वार्षिक हप्त्यांनी फेडायचे ठरवले, तर वर्षाला सुमारे १४ कोटी ९० लाख रुपये द्यावे लागतात. भूमिगत गटार, जलवाहिनी, वाहनतळाची इमारत, बसचा डेपो या गोष्टी दहा वर्षांहून कितीतरी अधिक टिकतात, त्यामुळे त्यांचा खर्च पुढच्या दहा वर्षांच्या करदात्यांमध्ये वाटून देणे न्याय्य आहे. याउलट यंदाच्या डिझेलचा, यंदाच्या पगाराचा, यंदा ठेकेदाराला प्रतिकिलोमीटर दिलेल्या पैशाचा खर्च कर्जातून भागवला, तर पुढच्या दहा वर्षांत त्या बसमध्ये न बसलेल्या माणसांकडून हप्ते वसूल होणार. ही तूट महसुली उत्पन्नातूनच भरली पाहिजे, आणि तेवढी ऐपत नसेल तर तसे उघड सांगितले पाहिजे.

आता मित्राच्या म्हणण्याची उरलेली बाजू. महापालिकेचे खरे देणे कर्जाच्या रकान्यात शोधू नका. ते दायित्वाच्या रकान्यात असते. कार्यादेश दिलेली, अर्धी झालेली, बिले सादर झालेली आणि न झालेली अशी सगळी कामे पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकावर लादली जातात, त्याला आम्ही स्पिलओव्हर म्हणत असू. कर्ज काढायचे तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार राज्य शासनाची पूर्वमंजुरी लागते, रोख्यांना तर पतमानांकन संस्था उलटतपासणी घेते. कार्यादेश द्यायला मात्र असा कोणी परका माणूस दारात उभा नसतो. त्यातून मार्च २०२२ पासून २०२६ च्या निवडणुकीपर्यंत जवळजवळ चार वर्षे अंदाजपत्रक मांडणारा आणि ते मंजूर करणाराही प्रशासकच होता. अंदाजपत्रकात जमेची बाजू फुगवून धरायची, तिच्या भरवशावर कामे मंजूर करायची आणि सुधारित अंदाजपत्रकात जमा घटली तरी कामे तशीच ठेवायची, ही पद्धत कोणत्याही कर्जापेक्षा घातक आहे, कारण तिच्यात व्याज दिसत नाही.

निमाणीचा प्रवासी यांचे उत्तर

लेखाशीर्ष यांचे लेखन मी दोनदा वाचले. मोठ्या भागाशी सहमत आहे, परंतु बसच्या तुटीबद्दल त्यांनी वापरलेल्या भाषेशी नाही.

मी रोज निमाणीहून नाशिकरोडला जातो. सिटीलिंक ८ जुलै २०२१ रोजी सुरू झाली. त्याआधी शहर बससेवा एसटी चालवत असे, आणि तिच्या शेवटच्या काळात द्वारकेच्या थांब्यावर तासभर उभे राहून शेवटी सहा जणांनी मिळून एक रिक्षा करायची, हे माझ्यासारख्यांनी वर्षानुवर्षे केले आहे. आताची पद्धत अशी आहे की बस आणि चालक ठेकेदाराचे, त्याला प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेला दर, आणि तिकिटाचे पैसे महापालिकेच्या परिवहन कंपनीचे. प्रवासी कमी झाले तरी ठेकेदाराचे किलोमीटर कमी होत नाहीत, म्हणून जोखीम पूर्णपणे महापालिकेकडे राहते. उदाहरणादाखल धरा: ठेकेदाराचा दर किलोमीटरला ७० रुपये, तिकिटातून मिळाले ४५, तर किलोमीटरमागे २५ रुपयांची खोट, एक बस दिवसाला २०० किलोमीटर धावली की पाच हजार, आणि अशा अडीचशे बस असतील तर दिवसाला साडेबारा लाख, वर्षाला पंचेचाळीस कोटींच्या वर. हे आकडे मी केवळ गणित समजावे म्हणून घेतले आहेत, पण यावरून तूट कुठून येते हे कळते. तिकीट वाढवले तर प्रवासी पुन्हा दुचाकीकडे वळतात आणि ४५ चे ४० होतात. म्हणून भाडेवाढीपेक्षा बस अधिक भरणे, म्हणजे वेळेवर सोडणे आणि कोंडीतून लवकर बाहेर काढणे, हा मार्ग स्वस्त पडतो.

केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत बारा मीटरच्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये, नऊ मीटरच्या बसला २२ आणि सात मीटरच्या बसला २० रुपये साहाय्य मिळते, परंतु कमाल दहा वर्षे. अकराव्या वर्षी ही रक्कम थांबेल तेव्हा काय करायचे, याचा विचार पहिल्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात दिसला पाहिजे.

आणि मला बोचणारी गोष्ट ही, की रस्त्याच्या डांबरीकरणाला कोणी 'तोटा' म्हणत नाही. रस्त्यावर तिकीट नसते म्हणून तिथे खर्च असतो. बसमध्ये तिकीट असते म्हणून तिथे तोटा होतो! फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली तेव्हा गंगापूर ते नाशिकरोड रबरी चाकांची गाडी उन्नत मार्गावरून धावणार म्हणून आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. आजवर एक खांबही उभा नाही. त्या घोषणेच्या आशेवर साध्या बसचे थांबे, निवारे आणि स्वतंत्र मार्गिका यांच्याकडे झालेले दुर्लक्ष हाही एक खर्चच आहे, फक्त तो निमाणीच्या थांब्यावर उन्हात उभे राहणारी माणसे भरतात.

लेखाशीर्ष

आपला मुद्दा मान्य आहे. तूट हा शब्द मी हिशेबाच्या अर्थाने वापरला, दोष म्हणून नव्हे. महासभेने प्रतिकिलोमीटर अमुक रुपये आम्ही नागरिकांच्या सोयीसाठी देणार असे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून तेवढी तरतूद केली, तर ती तूट राहत नाही, सेवेचा खर्च होतो. वर्षअखेरीस ठेकेदाराची बिले अडली, त्याने पगार थकवले आणि वाहकांनी संप केला की मग घाईघाईने पुरवणी मागणी आणायची, हे मात्र सेवेचे नव्हे, बेशिस्तीचे लक्षण आहे. कर्जातून तूट भरू नये हे माझे म्हणणे कायम आहे. डेपोसाठी, चार्जिंगच्या व्यवस्थेसाठी, निवाऱ्यांसाठी कर्ज घ्या, माझी हरकत नाही.

जुना मक्तेदार

दायित्वाबद्दल लिहिले आहे म्हणून एवढेच सांगतो. मी लहान कामे घेत असे: चेंबर, फरशी, थोडी दुरुस्ती. एका स्थानिक स्वराज्य संस्थेकडे, नाव घेत नाही, माझे एक बिल दोन दिवाळ्या पडून होते. फाइल कुठे आहे ते विचारायला गेलो की ती आदल्याच दिवशी पुढच्या टेबलावर गेलेली असे. सिमेंटवाल्याने तोवर मला उधारी बंद केली होती आणि मजुरांचे मी सोसायटीचे कर्ज काढून भागवले, म्हणजे संस्थेचे कर्ज माझ्या नावावर चढले. पुढच्या निविदेत मी काय केले असेल? दर वाढवून भरला. आम्ही सगळेच तसे भरत होतो. त्यामुळे महापालिकेने कर्ज काढले नाही म्हणून व्याज वाचले असे कोणी समजू नये; ते व्याज दरपत्रकातच मिसळलेले असते, आणि ते बँकेच्या व्याजापेक्षा जास्त असते.

आराखडा यांचे उत्तर

मी नगररचनेच्या क्षेत्रात काम करते. दहीपूलवाल्यांच्या तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहिते.

जागांच्या वाढत्या किमतीतून खर्च वसूल करण्याची साधने महाराष्ट्रात आहेत, परंतु त्यांतली बहुतेक नव्या बांधकामाला लागू होतात. विकास शुल्क, अधिमूल्य भरून मिळणारा वाढीव एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल ती मर्यादा), टीडीआर (बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेवर वळवण्याची सोय) ही सगळी साधने कोणी परवानगी मागायला आले तरच चालतात. महत्त्वाच्या शहरी वाहतूक प्रकल्पांच्या क्षेत्रात विकास शुल्क वाढवण्याची तरतूदही नगररचना कायद्यात आहे. खरेदी-विक्रीच्या वेळी मुद्रांक शुल्काबरोबर मालमत्तेच्या मूल्यावर लागणारा एक टक्का अधिभारही महापालिकेच्या वाट्याला येतो. पाथर्डी, म्हसरूळ, आडगाव अशा वाढत्या भागांत यांतून पैसा येतो. दहीपुलाजवळच्या गल्लीत मात्र प्लॉट अरुंद, मालक अनेक, भाडेकरू पिढ्यानपिढ्यांचे आणि पुढचा रस्ता इतका लहान की पुनर्विकासाचे गणितच जमत नाही. तिथे कोणी परवानगी मागायला येत नाही, आणि म्हणून भाव वाढले तरी महापालिकेच्या हाती काही लागत नाही.

उरते घरपट्टी. आपल्याकडे ती वार्षिक भाडेमूल्यावर आधारलेली आहे. जुन्या बाजारातल्या पागडीच्या गाळ्यांचे भाडे नावापुरते असते, त्यामुळे करयोग्य मूल्यही पूर्वीच्या काळात अडकून पडते. २०१८ मध्ये तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांनी भाडेमूल्याचे दर वाढवले, ते नव्याने आकारणी होणाऱ्या मिळकतींसाठी. त्यावरून शहरात केवढे रण माजले ते सर्वांना आठवत असेलच. परिणाम असा, की नव्या वसाहतीतला लहान सदनिकाधारक चढ्या दराने भरतो आणि शहरातली सर्वांत मोक्याची बाजारपेठ जुन्या दराने. राज्याने भांडवली मूल्यावर आकारणी करण्याचा पर्याय महापालिकांना दिलेला आहे, पण तो स्वीकारायचा तर सर्वांत आधी मेनरोड, सराफ बाजार आणि महात्मा गांधी रोड इथूनच ओरड होईल.

स्मार्ट सिटीचा अनुभवही विसरू नये. त्या योजनेत केंद्राचे ५०० कोटी आणि तितकाच वाटा राज्य व महापालिका यांनी मिळून घालायचा होता. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रस्ता त्यातलाच. एवढ्याशा रस्त्याला लागलेला वेळ त्या मार्गावरून शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या लक्षात आहे, आणि त्या काळात कडेच्या दुकानदारांचा जो धंदा बुडाला त्याचा रकाना कोणत्याच प्राकलनात नव्हता. गावठाणात काम काढायचे असेल तर एका वेळी एकच गल्ली, खालच्या सगळ्या वाहिन्या एकदाच आणि लग्नसराई टाळून, एवढे लेखी ठरल्याशिवाय खोदाईला सुरुवात होऊ देऊ नका. सरस्वती नाल्याचे पाणी पावसाळ्यात कुठे चढते हे तर सराफ बाजारातल्या प्रत्येकाला पाठ आहे. वरची फरशी कितीही देखणी बसवली तरी खालचा नाला वाहता केला नाही, तर ते कर्ज पहिल्याच पुरात पाण्यात जाईल.

वाहनतळासाठी कर्ज घेण्यास माझा पाठिंबा आहे, मात्र एका अटीवर. रस्त्यावर फुकट गाडी लावता येत असेल तर इमारतीत पैसे देऊन कोणी लावत नाही. आधी मेनरोडच्या परिसरात रस्त्यावरच्या पार्किंगला दर लावा आणि तो वसूल करून दाखवा. ती जमा हप्त्याच्या जवळपास पोचते का ते बघा, मग इमारत बांधा.

दहीपूलवाला

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः मक्तेदार दादांचे, कारण त्यांच्यासारखीच उधारी आम्ही पैठणीच्या विणकरांची थकवली तर पुढच्या खेपेला साडीचा भाव काय येतो, हे मला पुरेपूर माहीत आहे.

आराखडा ताईंचे उत्तर वाचून घरी गेल्यावर कपाटातली फाइल काढली. दुकानाची घरपट्टीची पावती आणि माझ्या मुलाने पाथर्डी फाट्याला घेतलेल्या दोन खोल्यांच्या सदनिकेची पावती शेजारी शेजारी ठेवली. सदनिकेची जास्त आहे. थोडीथोडकी नाही, चांगलीच जास्त आहे. गाळ्याच्या पावतीवरचे भाडेमूल्य वाचून बायको म्हणाली, "एवढ्यात तर आता दुकानाबाहेर चहाची टपरीसुद्धा कोणी देणार नाही."

पार्किंगला दर लावण्याची सूचना आमच्या गल्लीत मांडली तर माझ्याशी चार जण बोलायचे बंद होतील, कारण सकाळी दहाच्या आत दुकानांसमोर लागणाऱ्या दुचाक्या बहुतेक आमच्या स्वतःच्या आणि नोकरांच्याच असतात, गिऱ्हाइकांच्या नव्हे. माझीही त्यांतच असते. तरीही रविवारी व्यापाऱ्यांची बैठक आहे, तिथे दोन्ही पावत्यांच्या झेरॉक्स घेऊन जाणार आहे. लेखाशीर्ष साहेब, अंदाजपत्रकाच्या पुस्तकात दायित्वाचा तक्ता नेमका कोणत्या विभागात शोधायचा ते तेवढे कळवावे, म्हणजे तोही सोबत नेता येईल.

लेखाशीर्ष

भांडवली खर्चाच्या तपशिलात विभागवार पाहा. चालू कामांसमोर मंजूर रक्कम, आजवरचा खर्च आणि यंदाची तरतूद हे तीन रकाने मिळाले, तर पहिल्यातून दुसरा वजा करा आणि आलेली रक्कम तिसऱ्याशी ताडून बघा. फरक जिथे सर्वांत मोठा असेल ते पान दुमडून ठेवा.